सरू सीमेवर निघाली

“ओ बाई, थांबा!”

आणि तेवढ्यात कॅमेऱ्याचा खटका वाजला.

पेणच्या त्या गणपती कारखान्यातले सगळे हात थांबले. बाहेर आषाढसरी कौलांवर झोडपत होत्या. रंगाची वाटी हातात धरलेला तरुण सरूकडे बघतच राहिला… त्याच्या कानशिलावर पिवळ्या रंगाचा ठिपका होता. आपल्या पदरानं तो पुसावा, असं उगाचच तिला वाटून गेलं.

“डोळे आखायचे राहिलेत अजून,” तो म्हणाला. “बिनडोळ्यांच्या गणपतीचा फोटो काढत नाय कुणी. अपशकुन मानतात.”

त्याची आई, कृष्णाबाई, आतून धावतच आली. “आता हा गणपती न्यायचा कुणी गो?”

“आम्ही नेतो ना… रोह्याला,” सरू बोलून गेली.

“मग घरचा पाट आणून द्यावा लागंल,” तो हसू दाबत म्हणाला. “ज्याचा गणपती त्याच्या पाटावर. अशी रीत हाय आमची.”

“आणि डोळे आखताना हजर राहायचं, अशीपण रीत असेल?”

“ती नाय… पण आलात तर माझा हात बरा चालंल.”

हा पुंडलिक. आणि सरू म्हणजे रोह्यातल्या फोटो स्टुडिओवाल्या दाजींची लेक. मुंबईच्या एका साप्ताहिकात फोटो काढायची. साल एकाहत्तर. पूर्वेच्या सीमेवर गोळीबार सुरू झालेला, निर्वासितांचे लोंढे येत होते. मला तिकडं पाठवा, असा तिचा धोशा. संपादक म्हणाले, “बाईमाणूस तिकडं धाडत नाहीत,” आणि गणपतीचे फोटो काढायला पेणला पाठवलं. ती धुसफुसतच आली होती.

पुढं मात्र ती पाट घेऊन आली, पाट कोरडा आहे ना बघायला आली, आणि मग काही कारण न सांगताच आली. पुंडलिक डोळा आखताना श्वास रोखून धरायचा. त्याच्याकडे बघता बघता तिचाही श्वास अडायचा.

“तुम्ही कशाला श्वास रोखता?”

“फोटो काढताना सवय आहे.”

“पण आता तर कॅमेरा पिशवीत हाय…”

सरू लाजून पावसाकडं बघायची. कृष्णाबाई सगळं बघत होती. गणपती झाले की नारळ घेऊन रोह्याला जायचं, दाजींकडं मुलीला मागणी घालायची, हे तिनं मनात पक्कंही केलं होतं.

आणि श्रावणात रोह्याला तार आली. सीमेवर गेलेला फोटोग्राफर काविळीनं आडवा झाला होता. दुसरा कुणी जायला तयार नव्हता. सरूला बोलावणं होतं!

तार घेऊन ती थेट एसटीनं पेणला आली. कृष्णाबाईनं तिचा हात धरला.

“जाऊ नको गो. गेलीस तर नारळ घेऊन मी नाय यायची. रोज रेडिओपाशी जीव मुठीत धरून बसायचं… माझ्यानं नाय व्हायचं.”

हे ती रागानं बोलत नव्हती. तिचा आवाज कापत होता. सरूनं पुंडलिककडं बघितलं. त्यानं आखायला घेतलेला डोळा पुरा केला, कुंचला खाली ठेवला.

“भीती वाटते?”

“वाटते.”

“तरी जायचंय?”

“…जायचंय.”

“मग जा. आई, नारळ मी नेतो दाजींकडं. बायको करायची तर हीच. आणि मन मारून घरात बसली, तर ही ती राहायची नाय.”

सरूचे डोळे भरून आले. ओठ मात्र हसत होते.

ती गेली. त्या साप्ताहिकानं लढाईवर धाडलेली पहिली बाई! मार्गशीर्षात युद्ध पेटलं. पुंडलिकच्या आईनं रेडिओपासची जागा सोडली नाही. एकदा साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर फोटो आला. गुडघाभर चिखलातून एक जवान जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन चाललाय, मागं धुराचा डोंगर. खाली छापलं होतं, ‘छायाचित्र : सरस्वती धनावडे, रोहा.’

कृष्णाबाईनं तो अंक कारखान्याच्या दारातच टांगला. गडब गावचं गिऱ्हाईक येवो की जोह्याचं, आधी तिथं उभं करायची. “तोफा चालू असताना काढलाय! आमच्या सरूनं!”

“तुमची कोण ती?”

“कोण म्हणजे? सून!”

पुंडलिक मान खाली घालून हसायचा.

पौषात सरू पेणच्या स्टँडवर उतरली. उन्हानं रापलेली, वाळलेली, खांद्याला कॅमेरा. समोर पुंडलिक, आणि त्याच्या मागं कृष्णाबाई.

“रोह्याची गाडी अजून लागली नाय,” पुंडलिक काहीतरी बोलायचं म्हणून बोलला.

“एक सांगायचंय…” सरू थबकली. “तिकडं एका साहेबानं विचारलं होतं — काही बरंवाईट झालं तर कुठं कळवायचं? मी पेण सांगितलं… रोहा आठवलंच नाही मला.”

बघता बघता पुंडलिकचा चेहरा लालबुंद झाला.

कृष्णाबाईनं सरूच्या हातातली पिशवी ओढून घेतली. “आणि तू इथं रोह्याची गाडी कसली बघतोस रे, मुलखाच्या येड्या? तिला घरी ने!”