वहिवाट नाही

दिव्याची वात मोठी करू नका, राहू दे. मी मोजणीदार माणूस. साखळी, निशाण आणि सरळ रेघ, एवढंच माझं दैवत. भुताखेतांना मी कधी भीक घातली नाही. तेव्हा सांगतो ते ऐका, अर्ध्यातून उठू नका.

सन चौतीसची गोष्ट. रत्नागिरी शहराच्या नकाशाचं काम माझ्याकडे होतं. खाडीकडच्या एका मोहल्ल्यात मशिदीपासून कब्रस्तानाकडे एक चिंचोळी पाणंद जात होती. तीन महिने मी तिथे साखळी टाकत होतो, पण तिच्यातून कोणी जाताना दिसलं नाही. उस्मान तांडेल म्हणून एक म्हातारे होते, सारा जन्म गलबतावर गेलेला. त्यांना विचारलं, "ही वाट कोण वापरतं?"

"मयत झाला तरच," ते म्हणाले. "एरवी कोन कशाला जाईल?"

त्या तीन महिन्यांत मोहल्ल्यात कोणी मेलं नाही, हा काय माझा दोष? मी शेरा मारला, 'वहिवाट नाही'. जागा एका वखारवाल्याला गेली आणि पाणंदीवर जांभ्याची भिंत उभी राहिली.

भिंत मोजायला मी आणि माझा साखळीवाला शिवा गेलो. भर दुपार होती. शिवा मशिदीपाशी निशाण धरून थांबला. मी साखळीचं टोक ओढत आत शिरलो. दोन्हीकडे रचलेल्या दगडांचे उंच गडगे. मागून कापराचा नि उदाचा वास आला. वळून पाहिलं, तर जनाजा येत होता. पांढऱ्या कपड्यातली माणसं, आणि कलमा इतका हळू, की नुसते ओठच हलत असावेत.

आमच्याकडे रीत आहे. वाटेत जनाजा भेटला, तर हिंदू असो, मुसलमान असो, चार पावलं खांदा द्यायचा. मीही टोपी सारखी केली आणि जनाज्याचा दांडा खांद्यावर घेतला.

चार पावलं झाली. चाळीस झाली. खांदा बदलायला कोणी पुढे येईना. भिंतीपाशी जनाजा वळला, मशिदीपर्यंत आला, पुन्हा भिंतीकडे निघाला.

"घ्या की कोणीतरी..." मी म्हणालो.

शेजारच्याने मान वळवली नाही. दांडा सोडायला गेलो, तर बोटं उघडेनात. किती फेऱ्या झाल्या, ते मोजणीदार असून मला सांगता येणार नाही. ऊन मात्र जागचं हललं नव्हतं.

दर फेरीला मशिदीपाशी शिवा दिसायचा. त्याला आमच्यातलं काही दिसत असावं, असं वाटेना. शेवटी मी जीव एकवटला.

"शिवा... जरा खांदा दे."

कोणाचा, कुठे, त्याने काही विचारलं नाही. निशाण गडग्याला टेकवलं आणि दांड्याखाली खांदा घातला. मी सुटलो आणि पळालो. सांगायला लाज वाटते, पण मागे पाहिलं नाही.

माणसं घेऊन परतलो, तेव्हा पाणंद रिकामी होती. निशाण गडग्याला टेकलेलं, शिवा मात्र कुठेच नव्हता.

"आज मोहल्ल्यात कोनाचा जनाजा नाय निगाला," उस्मान तांडेल म्हणाले. "आदीचे कोन असतील. त्यांना वाट तीच ठावी..."

भिंत पाडा, म्हणून मी अर्जांवर अर्ज केले. कचेरीतून उत्तर आलं: नकाशा मंजूर झाला आहे, वहिवाट नसल्याचा शेरा आपलाच आहे. भिंत अजून उभी आहे.

आणि काल, एवढ्या काळाने, शिवाची बायको काशी माझ्याकडे आली. रडत नव्हती.

"साहेबानू, ते आयले होते," ती म्हणाली. "उंबऱ्याभायेर उभे. आत येवा म्हटलं, तर म्हणतात, हात मोकळे नाय."

खांदा माझा होता. मीच जायला हवं होतं. पण मी जागचा उठलो नाही.

ती हळूच म्हणाली, "बाईमाणसानं खांदा दिला, तर चालतो काय?"

नको म्हणायला हवं होतं. मी म्हणालो नाही.

आज सकाळी तिच्या खोपटावर गेलो. दार सताड उघडं, आत कोणी नाही. चुलीवर भात रटरटत होता. आता येताना पुन्हा डोकावलो, तर तो तसाच रटरटतोय... चुलीत लाकूड नाही.