रोज दोन लिटर

टाकीतलं पाणी पुन्हा दोन लिटरनं उतरलं होतं. सलग चाळिसाव्या दिवशी.

यानात माणसं चार: कप्तान, माळीणबाई, डॉक्टरबाई आणि तिचा नवरा, म्हणजे मिस्त्री. घर अजून सात महिने लांब, आणि ह्या गतीनं पाणी जेमतेम चार महिने पुरणार होतं. त्यात डॉक्टरबाईला पाचवा महिना लागलेला. ठरवून झालं नव्हतं, पण झालं होतं खरं.

"झाडंच पाणी खातायत," कप्तान म्हणाला. "उद्यापासून वाफे बंद."

माळीणबाईचा चेहरा पांढराफटक पडला. "मग खायचं काय, यानाचे पत्रे? डॉक्टर, तुम्ही तरी सांगा ह्यांना!"

डॉक्टरबाईनं एक दिवस मागून घेतला.

यानात पाणी पिऊन चोरता येत नाही. प्यालेलं सगळं लघवीतून, घामातून, श्वासातून परत टाकीत येतं. झाडं प्यायली तरी पानांवाटे तेच होतं. गळती तिनं दोनदा तपासली होती, कुठंही नव्हती.

उरला ओला कचरा. विष्ठा, उष्टं, देठ, फडकी सगळं मिस्त्रीच्या वाळवणयंत्रात जायचं. पाणी टाकीत यायचं आणि कोरडा चोथा दाबून, प्लास्टिकात बंद करून त्याच्या विटा भिंतींना लागायच्या. प्रत्येक विटेवर मिस्त्री 'वा' लिहायचा. वा म्हणजे वाळलेली.

"यंत्र नीट चालतंय ना?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"झकास."

"शेवटची वीट कधी काढलीस?"

"आत्ताच. पाच मिनिटं झाली असतील."

"लावलीस कुठं?"

"असेल कुठंतरी. अगं, तू जरा पडून राहा ना. उगाच दगदग."

तिनं यंत्राच्या दारावर हात ठेवला. दार गार होतं.

दुपारच्या जेवणाला तिनं दोन विटा आणल्या. दोन्हींवर 'वा'.

"सांगा, जड कुठली?"

"इथं कसलं आलंय जड नि हलकं?" कप्तान वैतागला.

"म्हणूनच कुणाच्या लक्षात आलं नाही."

तिनं एकच रबरी पट्टी सारखीच ताणून दोन्ही विटा एकामागून एक सोडल्या. पहिली सटकन समोरच्या भिंतीवर आपटली. दुसरी रमतगमत निघाली.

"ही ओली आहे. इथं वजन जाणवत नाही, पण ढकलताना भरलेपण कळतं. यंत्रात न घालताच दाबलेल्या अशा दीडशेच्या वर विटा आहेत. सगळ्या एकाच ठिकाणी."

"कुठं?"

"माझ्या झोपायच्या जागेभोवती."

माळीणबाईनं तोंडावर हात ठेवला. मिस्त्रीनं डोळे मिटून घेतले.

"अवकाशातले किरण पाण्यानं अडतात," डॉक्टरबाई म्हणाली. "पोटातल्या जिवाला ते सोसणार नाहीत, असं मीच ह्याच्यापाशी रडत म्हटलं होतं. ह्यानं ते मनावर घेतलं."

"मग काय हातावर हात धरून बसू?" मिस्त्री ओरडला. "बाप आहे मी त्याचा!"

"आणि मी तहानेनं मेले, तर ते कुठं राहील रे?"



ती झोपायच्या जागेकडे गेली. तिला भीती वाटत होती, आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी. तिनं उशाशी लावलेली वीट सोडवून आणली आणि नवऱ्यापुढे धरली.

"वाळव."

"माझ्या हातून नाही होणार."

तिनं यंत्राचं दार उघडलं, वीट आत सरकवली आणि कळ दाबली. मग ती दुसरी आणायला वळली.