विमानातून उतरवलेली पिशवी

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण म्हसा गावच्या रंभाच्या बाबतीत हे घडलंय, आणि ती उगाच बाता मारणाऱ्यातली नाही.

साल २००४. गणपती नुकतेच गेले होते. मुरबाडच्या पुढे माळावर तेव्हा छोट्या विमानांची एक खाजगी धावपट्टी होती. रंभाचं तिथे एकच काम. विमान रानात कुठे पडलंच, तर वाचलेल्या माणसाला लागेल ते सामान पिशवीत भरायचं. पाण्याची पाकिटं, बिस्किटं, काडेपेटी, मलमपट्टी, शिट्टी. मग सील लावून पिशवी काट्यावर टाकायची, कारण एवढ्याशा विमानात वजन फार सांभाळावं लागतं.

त्या दुपारी वैमानिक हितेशने तिची पिशवी खाली उतरवून ठेवली.

"आज पेट्या जास्त आहेत, रंभाताई. वजन बसत नाही. आलोच तासाभरात." रंभाने पिशवी धावपट्टीवरच्या खोलीत खिळ्याला अडकवली.

तो आला नाही.

डोंगरावर ढग बसले होते. शोधणारे रोज जायचे आणि हात हलवत परत यायचे. रंभा सुन्न झाली होती. रडूही येईना. माणूस रानात, आणि त्याचं पाणी इथे खिळ्याला...

एका सकाळी तिने ती पिशवी खिळ्यावरून काढली.

...हलकी लागली.

सील शाबूत होतं. तोडून पाहिलं तर आत पाणी नव्हतं. शिट्टीही नव्हती.

"उंदीर असतील गो," रखवालदार बारकू म्हणाला.

"उंदीर सील लावून जातात काय रे? तो जिता हाय. पाणी पोचतंय त्याला."

तिने नवं पाणी भरलं, सील लावलं. दुसऱ्या सकाळी पिशवी पुन्हा हलकी. मग ती रोजच भरू लागली. ना जेवणाचं भान, ना घराचं. पाणी संपतंय म्हणजे हितेश आहे, एवढंच तिला कळत होतं.

आणि मग शेणव्याकडच्या गुराख्यांना डोंगरात विमान सापडलं.

हितेश आतच होता. डॉक्टर म्हणाले, विमान पडलं त्याच क्षणी तो गेला.

रंभाने ऐकून घेतलं. त्या दिवशी तिने पिशवी भरली नाही. रिकामीच खिळ्याला अडकवली.

दुसऱ्या सकाळी ती आणि बारकू खोलीत होते, तेव्हा शिट्टी वाजली.

बारीक... दम संपत आलेल्या माणसाने फुंकावी तशी.

पुन्हा...

बारकू बाहेर जाऊन बघून आला. माळावर चिटपाखरू नव्हतं. मग दोघांनी पिशवीकडे पाहिलं.

"नको भरू गो," बारकू पुटपुटला. "तो नाय राह्यला. ह्यो कोन पितो, आपल्याला काय ठाव?"

"कोन का असंना. तहान लागलीय त्याला."

तिने पाणी भरलं. शिट्टी थांबली.

धावपट्टी बंद होऊन वर्षं झाली. पिशवी आता रंभाच्या घरी आहे. भीती वाटते का विचारलं तर ती नाही म्हणते. काहीच वाटत नाही म्हणते. हितेश तेव्हाच गेला, हेही तिला पटलंय.

पण सकाळी पिशवी अजून हलकी लागते... आणि ती रिकामी ठेवायची तिची छाती होत नाही.