तिसऱ्या खाटेची ओळ

चष्मेबहाद्दर ढेकर देत ऑफिसातल्या खुर्चीत बसला तेव्हा टळटळीत दुपार होती. भुताखेतांची वेळच नव्हती. पण त्यांना कोण सांगणार!

हा पठ्ठ्या इस्पितळाच्या वॉर्डासाठी विजेवरचा फळा तयार करायचा. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत प्रत्येक खाटेची एक ओळ: कुणाला, कुठलं औषध, कधी. सिस्टर त्यावर बघूनच औषध देणार. फळा आजच चालू झाला, इथे त्याच्या संगणकावरही तोच दिसत होता, आणि तिसरी ओळ गायब! तिसऱ्या खाटेवर होती त्याची सख्खी ताई.

शेजारच्या टेबलावरच्या काकांचा जन्म दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलेला. पडद्याला नाक लावून म्हणाले, "गायब नाही रे शहाण्या, काळ्यावर काळी उमटलीय. रंग सांगायला विसरलास. मग अक्षरं आधीच्या चित्राचा रंग उचलतात. न धुतलेला कुंचला!"

"पण काका, आधी काळं काही काढलंच नाहीये..."

त्याने फळ्यावरचं घड्याळ काढून टाकलं. चौकटही पुसली. ओळ काळी ती काळीच. डोकं पार भंजाळलं. शेवटी वैतागून त्याने अख्खा पडदाच पांढरा केला.

ओळ दिसली. आणि तिच्या डोक्याशी दिसली एक काळी आकृती. बोटाएवढी. ओळीवर वाकलेली.

"हे कुणी काढलं?" काका कुजबुजले.

"मी नाही..."

"म्हाताऱ्याची मस्करी करतोस?"

त्याने ताईला फोन लावला. "ताई, औषध मिळालं?"

"कुठलं रे! सिस्टर माझी खाट सोडून पुढे जातात. आणि उशाशी हे कोण उभं केलंयस? मेलं सगळा उजेड अडवतंय. बोलतही नाही..."

ओळीच्या आधी त्याने घाईघाईने रंगाची सूचना टाकली: पांढरा. पडदा पुन्हा काळा केला. तिसरी ओळ लख्ख उमटली. फोनमध्ये पावलं वाजली, पेला खणखणला.

"आल्या बाई सिस्टर," ताई म्हणाली. "आणि ते ध्यानही गेलं वाटतं. तुझ्याकडेच येत असेल, सांभाळ हो!" आणि खुदकन हसली.

त्यालाही हसू फुटलं. काका मात्र त्याच्याकडे टक लावून बघत होते.

"चष्म्या... सकाळी तू पांढरा शर्ट घालून आला होतास ना?"

त्याने मान खाली घातली. कॉलर पांढरी होती. तिच्याखाली सगळा शर्ट काळा. हात लावला तर कोरडा, गार. आणि तो बघत असतानाच कॉलरचं एक टोक...