टिमलरांचं कार्ड

जर्मनीतल्या कासेलमध्ये रविवारी दुपारी भिंतीत खिळा ठोकला तरी शेजारी तक्रार घेऊन धावून येतात, आणि गेझिनचा लॅपटॉप तर सकाळपासून बोंबलत होता. बटण दाबलं की पंखा घरघरायचा, पडदा मात्र काळाठिक्कर, आणि मग पाच वेळा टूं. सोमवारी आठ वाजता नव्या शाळेच्या इमारतीचं चित्र दाखवायचं होतं. चित्र त्या यंत्रात अडकलेलं. ते दाखवलं नाही तर नोकरी संपली, असं साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं.

पडद्यावर चित्र आणणारं जुनं ग्राफिक्स कार्ड शुक्रवारी जळालं. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या मयत टिमलरांचं घर रिकामं करणाऱ्यांनी फुटपाथवर 'फुकट न्या' लिहून एक खोकं ठेवलं. त्यात तिच्यासारखाच लॅपटॉप, पडदा फुटलेला, पण कार्ड वरच्या दर्जाचं. "म्हाताऱ्याने जन्मभर छळलं, आता तरी उपयोगी पडू दे," म्हणत तिने तो उचलला.

"परत बसव ते कार्ड," ती भावावर खेकसली.

"तिसऱ्यांदा बसवलंय, गेझिन. कार्ड थंड ठेवणारी पेस्ट नवी, मेमरी बदलून पाहिली. माझ्यावर कशाला ओरडतेस?" हेनिंग म्हणाला.

"मग काय पाठ थोपटू?"

त्याने बटण दाबलं. टूं, टूं... पाच. आणि खालून, सगळ्या मजल्यांतून वर येणाऱ्या गरम पाण्याच्या नळावर, ठक, ठक... तेही पाच.

"झालं! शेजारी पेटले," हेनिंग हसला.

"खाली कुणी राहत नाही."

बारा वर्षं टिमलर रविवारी झाडूच्या दांड्याने छत ठोकत आले होते. जरा गाणं लावलं की ठक ठक. ऑक्टोबरातल्या एका रविवारी तर तासभर ठोकत होते. गेझिनचा पारा चढला. तिने टाचा आपटल्या आणि ओरडली, "एवढं असेल तर वर येऊन बोला!"

ते बुधवारी मेलेले सापडले. स्वयंपाकघरात पडलेले, नळाशी, हातात चमचा. त्या दिवशीचा आवाज छताचा नव्हता, नळाचा होता. हे तिला तेव्हाच उमगलं, पण तिने कुणाला सांगितलं नाही. तिला लाज वाटायची, आणि लाज वाटली की ती चिडायची.

"काढ ते कार्ड," ती म्हणाली. "आत्ता."

हेनिंगने स्क्रू काढले, कार्ड हातात घेतलं. खोलीत कोबीच्या रश्शाचा वास पसरला. टिमलरांच्या दारातून यायचा तोच. यंत्र पुन्हा पाचदा ओरडलं. नळ पाचदा वाजला. मग पुन्हा. मग थांबेचना.

"बस करा!" गेझिन गुडघ्यांवर बसून जमिनीला ओरडली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "चुकलं माझं! मला वाटलं, नेहमीचंच... अजून किती ठोकणार? बोलायचंय ना? मग या वर!"

शब्द निघून गेले आणि तिने जीभ चावली.

नळ गप्प झाला. पडदा उजळला. त्यावर शाळेचं चित्र, आपोआप उघडलेलं.

"मी... हात नाही लावला," हेनिंग पुटपुटला. कार्ड अजून त्याच्या मुठीत होतं.

दारावर ठक झालं. हळू, पाचदा. हेनिंग उठायला लागला, तसा गेझिनने त्याचा दंड गच्च धरला.

"नको... ऐक..."

ठोके कडीजवळचे नव्हते. धातूचे होते, आणि उंबरठ्यालगतचे. जमिनीवर पडलेल्या माणसाचा हात पोचेल, तेवढ्याच उंचीवरून येत होते.