भिंतीवरच्या चपला

ही घटना खरी आहे. पटली तर घ्या, मी कुणाच्या हातापाया पडणार नाही. यातली एक गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. नवऱ्यालाही नाही. तो असलं काही वाचत नाही, म्हणून इथे लिहितेय.

जागा ऑस्ट्रेलियातल्या पर्थमधली, स्कारबरोचा किनारा. समुद्रासमोर नवी बारा मजली इमारत झाली आहे, तिच्या तळमजल्यावर माझं कॉफीचं दुकान आहे. माझं नाव टेरेसा. सगळे टेस म्हणतात.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी, मंगळवार. दुकानाचा पहिलाच दिवस होता.

भुताखेतांच्या गोष्टी रात्री घडतात म्हणे. ही सकाळी सातला घडली. लख्ख उन्हात.

आमच्या पोहणाऱ्यांची एक पद्धत आहे. पहाटे पाण्यात जाताना रबरी चपला माझ्या दुकानासमोरच्या, रस्त्याकडेच्या बुटक्या दगडी भिंतीवर काढून ठेवायच्या. बाहेर आलं की ज्याने त्याने आपापल्या घालायच्या. दुसऱ्याच्या चपलांना हात लावायचा नाही. आणि सात वाजता भिंतीवर एखादा जोड उरलाच, तर हातातली कॉफी टाकून पाण्याकडे धावायचं.

माझा नवरा ब्रुनो त्याच टोळीतला. टोळीची मुकादम म्हणजे जिल. आणि सगळ्यांत म्हातारा क्लॅरी, वय चौऱ्याहत्तर.

आमच्या इमारतीच्या जागी पूर्वी विटांची दोन मजली भाड्याची घरं होती. क्लॅरी तिथे एकतीस वर्षं राहिला. ती पाडली आणि त्याला लांब, समुद्र दिसतही नाही अशा भागात खोली मिळाली. तरी तो पहिली बस पकडून रोज पोहायला यायचा.

त्या सकाळी पाण्यात जाण्याआधी त्याने दुकानात डोकं घातलं.

"टेस, तुझं कॉफीचं यंत्र आहे ना, तिथे माझी शेगडी होती. कॉफी बिघडली तर तिला दोष देऊ नकोस हं!"

"आणि चांगली झाली तर?"

"तर श्रेय माझं."

हसत हसत गेला. चपला भिंतीवर काढल्या. निळ्या, झिजलेल्या. डाव्या चपलेचा पट्टा निसटायचा, म्हणून त्याने खालून पावाच्या पिशवीची प्लास्टिकची चिमटी अडकवली होती. असली डागडुजी इथे सगळेच करतात, पण त्याची चिमटी लाल होती.

सातला दहा कमी असताना ट्रेंट आला. इमारतीचा व्यवस्थापक. कडक इस्त्रीचा शर्ट, तोंडावर बारा वाजलेले.

"टेस, आठ वाजता लोक फ्लॅट बघायला येतायत. फोटोवाला येतोय. आणि दारात हे काय? जुन्या बाजारातली चपलांची गाडी?"

मी बघितलं. बाकीचे आपापल्या चपला घालून नळावर पाय धूत होते. एकच जोड उरला होता.

"कुणाच्या आहेत?" ट्रेंटने विचारलं.

"असतील कुणाच्या तरी," मी म्हणाले.

कुणाच्या ते मला माहीत होतं. पण पहिला दिवस होता, यंत्र नीट चालत नव्हतं, आणि हा माणूस डोक्यावर उभा होता. म्हातारा चपला विसरून अनवाणीच बसथांब्यावर गेला असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. चपला उचलल्या आणि काउंटरखाली कपांच्या खोक्यात टाकल्या.

ट्रेंट तोवर पाठ फिरवून फोनवर बोलत होता.

सात वाजता जिलने भिंतीकडे बघितलं.

"भिंत रिकामी! सगळे पाण्याबाहेर आले, चला!"

सगळे कॉफीला आत आले. क्लॅरीचा कप मी भरून ठेवला होता.

तो तसाच थंड झाला...

दोन दिवसांनी त्याच्या शेजारणीने पोलिसांना कळवलं. पोलीस दुकानात आले. एकच प्रश्न त्यांनी सगळ्यांना विचारला, भिंतीवर चपला राहिल्या होत्या का?

"नाही, भिंत रिकामी होती. मी स्वतः बघितली," जिल म्हणाली.

ब्रुनोनेही तेच सांगितलं. मग पोलीस माझ्याकडे वळले.

मी म्हणाले, "रिकामी होती."

म्हणजे माणूस पाण्याबाहेर आला होता, असंच सगळ्यांनी धरलं. शोध घेतला तो बसच्या वाटेवर आणि दवाखान्यांत. समुद्रात नीट शोध झालाच नाही. क्लॅरी आजतागायत सापडलेला नाही.

पोलीस गेले, त्याच संध्याकाळी चपला मी मागच्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. माझ्या डोळ्यांदेखत गाडी तो डबा रिकामा करून गेली.

एप्रिलमध्ये एका सकाळी मी दार उघडलं...

भिंतीवर निळ्या चपला होत्या.

डाव्या चपलेखाली लाल चिमटी.

पहिला संशय ट्रेंटवर आला. त्याने मला बघितलं असणार, आता खेळ करतोय. मी त्याला सरळ विचारलं, "ट्रेंट, भिंतीवर काय ठेवलंत तुम्ही?"

"मी? अहो, मी तिथे साधी कुंडी ठेवली तरी तुमची टोळी मला फाडून खाते!"

मग वाटलं, जिल. तिला कळलंय, आणि मला तोंड उघडायला लावतेय. ती पाण्याबाहेर आली तेव्हा मी दारातच उभी होते. ती भिंतीकडे आली, टॉवेलने केस पुसले आणि बसली.

नेमकी तिथेच. चपलांच्या वर.

"अगं, अशी काय बघतेस? भूत बघितल्यासारखी!" ती म्हणाली.

ती उठून गेली. चपला होत्या तिथेच होत्या. मी हात लावून बघितला...

आतून गरम होत्या. आत्ताच कुणीतरी पायातून काढल्यासारख्या.

त्यानंतर त्या रोज दिसू लागल्या. कधी सहाला, कधी साडेसहाला. त्या ठेवताना मला कधीच कुणी दिसलं नाही. उन्हं वर आली की नसायच्या. मी कुणाला बोलले नाही, कारण बोलायचं तर सुरुवातीपासून सगळंच सांगावं लागलं असतं.

जूनमध्ये समुद्र खवळलेला होता. ब्रुनोला म्हटलं, आज नको. तो म्हणाला, "तुझं आपलं रोजचंच," आणि गेला.

सात वाजले. एकेक जण आला आणि आपल्या चपला घालून गेला.

भिंतीवर दोन जोड उरले. निळा... आणि शेजारी, अगदी चिकटून, ब्रुनोचा.

"ब्रुनो!" जिल किंचाळली. तिला एकच जोड दिसत होता. तेवढा पुरला. सगळे पाण्याकडे धावले. मी कशी धावले ते मला आठवत नाही. देवाला काय काय कबूल करत होते, तेवढं आठवतं.

ब्रुनो उत्तरेला बराच लांब, खडकांपाशी वाळूवर पडलेला सापडला. ओठ निळे पडले होते. पायात गोळा आला होता. पण जिवंत होता.

कांबळ्यात गुंडाळल्यावर तो बोलायला लागला.

"कुणीतरी काखेत हात घालून मला ओढत होतं, टेस. म्हाताऱ्या माणसाचा हात. सारखं एकच विचारत होता."

"काय?"

"माझ्या चपला कुठे गेल्या?"

मी त्याच्या अंगावरचं कांबळं उगाचच सारखं करत राहिले.

"आणि वाळूवर सोडताना म्हणाला... तुझ्या तरी आहेत ना जागेवर?"

तिसऱ्या दिवशी जेवता जेवता त्याने काटा खाली ठेवला.

"क्लॅरी गेला त्या सकाळी भिंतीजवळ तूच होतीस ना?"

"ट्रेंटही होता."

"मी ट्रेंटचं विचारत नाहीये."

"मला काही माहीत नाही, ब्रुनो."

तो ताट उचलून उठला.

तीन आठवड्यांनी तो पुन्हा पाण्यात गेला. मी भिंतीकडे बघितलं. निळा जोड होता. ब्रुनोचा नव्हता.

तो बाहेर आल्यावर मी विचारलं, "चपला कुठे ठेवल्यास?"

"गाडीत."

"का रे? भिंतीवर का नाही?"

तो टॉवेलने मान पुसत होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "भिंतीवरून कुणीतरी उचलतं."

तेव्हापासून हेच चाललंय. गाडी इमारतीच्या मागे असते आणि किल्ली त्याच्या मनगटाला. सात वाजले की मी दारात येऊन उभी राहते. मला भिंतीवर तो एकच जोड दिसतो, बाकीच्यांना ती रिकामीच दिसते. माझा नवरा पाण्यात आहे की बाहेर, हे कुणालाच कळायला मार्ग नाही. तो नजरेस पडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. कधी पाच मिनिटं लागतात, कधी वीस.

खरं सांगितलं, तर तो उद्यापासून चपला पुन्हा भिंतीवर ठेवेलही. रोज ठरवते, आज सांगायचं.

अजून सांगितलेलं नाही.