उतरता खांदा

"बाई, कापड माझंच आहे... पण शर्ट दुसऱ्याच कुणाचा तरी आहे!"

मावशीच्या शिवणकामाच्या दुकानाच्या दारात सत्तरीचा निवृत्त पोस्टमन उभा होता, तोच शर्ट अंगात घालून. आठवड्यापूर्वी तो कापड तिच्या हाताखालच्या भाचीकडे टाकून गेला होता. मावशीशी गाठ पडली ती आज.

मावशीने चष्म्यावरून पाहिलं. उजवा खांदा ताणलेला, डाव्यावर चुण्याच चुण्या.

"तुम्ही वाकडे उभे आहात."

"अहो, चाळीस वर्षं डाव्या खांद्यावर थैला होता. मी वाकडाच आहे. पण शर्ट वाकडा झालाय उलट्या बाजूला!"

मशीनमागे भाची फिस्सकन हसली.

मावशीने गुपचूप दुसरा शर्ट शिवून दिला. तोही तसाच! तिसऱ्या खेपेला पोस्टमन हसतच आत आला.

"मला वाटतं, मी असाच येत राहावं असा तुमचा बेत दिसतोय."

"वय काय, बोलता काय!" मावशीच्या कानाच्या पाळ्या मात्र उगाचच तापल्या.

"काका, ही पुरुषांना कधी टेप लावतच नाही," भाचीने चुगली केली. "घेर नजरेनं घेते, आणि खांदा भिंतीवरच्या त्या जुन्या पिवळ्या कागदी नमुन्यावरून बेतते. अर्ध्या गावाचा उजवा खांदा हिनं उतरवून ठेवलाय!"

"गप गं, आगाऊ!"

भाची दोरे आणायच्या निमित्ताने सटकली. दुपारच्या उन्हात कापडाचे तंतू संथ तरंगत होते...

"कुणाचा खांदा आहे हा?" त्याने कागदाकडे बघत हळूच विचारलं.

शेहेचाळीस वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

"सायकलवरून पडला होता तो. तेव्हापासून उजवा खांदा खाली. आमच्या लग्नातला त्याचा शर्ट मीच या कागदावर बेतला होता... लग्नानंतर महिन्याभरात येतो म्हणून गेला. मग ना तो, ना पत्र."

"पत्र आलं नाही की लोक पोस्टमनलाच शिव्या घालतात."

"मीही घातल्यात. पोटभर."

"पोचल्या हं. सगळ्या!"

मावशी खुदकन हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले.

"कितीदा फाडायला घेतला हा कागद. हातच होत नाही. मी नाही विसरले त्याला... या जन्मी विसरेन असंही वाटत नाही. आधीच सांगून ठेवते."

"मग नका फाडू. त्याची जागा कोण मागतंय?"

"तुम्ही काय मागताय मग?"

"माझं माप घ्या. एवढंच."

मावशीने गळ्यातली टेप काढली. कुणा पुरुषाच्या इतकं जवळ ती कित्येक वर्षांत उभी राहिली नव्हती. साबणाचा मंद वास, उन्हाने कोमट झालेलं कापड... तिने त्याच्या डाव्या खांद्यावर बोट टेकवलं. थैल्याने पाडलेला खोलगट खळगा बोटाला लागला. तो ताठ उभा, पुतळ्यासारखा.

"अहो, श्वास सोडा की आता," ती पुटपुटली.

"तुम्हीसुद्धा..." तो म्हणाला.